मुलगा नसल्याचा दाखला

३ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि खोडलं. तीर्थाला माणसं निदान जाऊन येतात. तुझ्याकडे इतक्या वर्षांत आपल्या घरातलं कोणी फिरकलेलं नाही आणि तूही इकडे नाहीस. साष्टांग नमस्कार घालायचा तर माझी कंबर दुखते. तेव्हा नुसतं 'दादा' गोड मानून घे.

पत्र का, तर फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं, आणि मेसेज तू वाचतोस नि गप्प बसतोस. त्या दोन निळ्या खुणा बघितल्या की माझं डोकं फिरतं. पत्रात तुला मध्येच फोन आपटता येणार नाही. शेवटपर्यंत वाच.

आमच्या लॅबमध्ये मशीन आलंय. आजवर डॉक्टरांकडून तोंडाचा साचा यायचा आणि मी मेणात एकेक दात बसवून कवळी घडवायची. आता कॉम्प्युटरवर चित्र काढलं की ते यंत्र अख्खी कवळी कापून बाहेर ठेवतं. मालक म्हणाले, "तुम्ही राहा की. मशीन पुसायला माणूस लागणारच." मी म्हटलं, तुमचं मशीन तुम्हीच पुसा. तोंडावर नाही म्हटलं, घरी येऊन म्हटलं. पण मग इकडे तिकडे अर्ज टाकले आणि परदेशातल्या एका लॅबने मला घेतलं. तिथे अजून हाताच्या कामाला किंमत आहे म्हणे. चार वर्षांचा करार, मे महिन्यात रुजू व्हायचं. तुझे मेहुणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला गिऱ्हाईक शोधतायत. चिमी तर आत्तापासूनच शाळेत मैत्रिणींचा निरोप घेत सुटली आहे.

माझ्या व्हिसावर नवरा येऊ शकतो, मूल येऊ शकतं. बाप येऊ शकत नाही. त्यांच्या हिशेबी कुटुंब म्हणजे नवरा, बायको, पोरं. बाप हा त्यांना बहुतेक पाहुणा वाटतो.

म्हणून एजंट गाठला. त्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो. एक चष्मा कपाळावर, एक डोळ्यांवर, आणि शोधत असतो तिसराच. त्याने आधी सुचवलं, आजोबांना विद्यार्थी म्हणून नेऊ, भाषेच्या वर्गात नाव घालू. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! मी म्हटलं, बाबा वर्गात बसले तर पहिल्या दिवशी मास्तरांचीच परीक्षा घेतील. मग त्याने खरे रस्ते सांगितले. ते दोनच आहेत.

पहिला पाहुण्यांचा व्हिसा. सहा महिने राहायचं आणि परत यायचं. त्यासाठी इथे बाबांचं कोणीतरी आहे, ते त्याच्याकडे परत येतील, असं दाखवावं लागतं. दुसरा आश्रित पालकांचा. त्यावर माझ्याबरोबर चारही वर्षं राहता येतं. पण त्यासाठी इथे त्यांचं कोणीही नाही असं दाखवावं लागतं. एकाला मुलगा हवा, दुसऱ्याला मुलगा नको.

तू सांग, आपल्या घराला कुठला लागू आहे? मी दुसरा निवडलाय. तुला फक्त एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे. मजकूर चष्मेवाल्याने तयार करून दिलाय: 'मी माझ्या वडिलांना सांभाळू शकत नाही आणि पुढेही सांभाळू शकणार नाही.' सोबत जोडलाय. नोटरीचा शिक्का मारून परत पाठव. तुला नवीन काही करायचं नाही, जे करतोयस तेच कागदावर लिहून द्यायचंय.

बाबांना यातलं काही बोललेले नाही. तूही बोलू नकोस. हे मी कोणाला सांगतेय!

धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचल्याची पावती माझ्याकडे आली आहे. सही वहिनीची आहे, म्हणजे घरात आलं. म्हणजे तू वाचलंस. आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. आता कागदावरही निळ्या खुणा!

माझ्याजवळ वेळ नाही रे. अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेला नाही तर मुलाखतीची तारीख मेच्या पुढे जाईल, आणि लॅबवाले माझ्यासाठी थांबणार नाहीत. इथे मालकाने माझ्या टेबलावर त्या मशीनचा प्रिंटर आणून ठेवलाय. माझं मेणाचं भांडं खिडकीत गेलं. दिवसभर काम करते ती कोपर अंगाशी धरून.

तुला अजून त्या काट्याचा राग आहे, मला माहीत आहे. बाबांचं चुकलंच. मी तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते. बाप वजनमापे निरीक्षक आहे म्हणून मुलाच्या किराणा दुकानाच्या पहिल्याच दिवशी पिशवीतून प्रमाणित वजनं काढून काट्यावर ठेवायची काय गरज होती? काटा तोळ्यामाशाचाही चुकला नव्हता. नुसता पडताळणीचा शिक्का मारून घ्यायचा राहिला होता आणि तू म्हणालास, सोमवारी मारून आणतो. दुसरा कोणी बाप असता तर म्हणाला असता, बरं बाबा, सोमवारी. यांनी गिऱ्हाइकांसमोर काटा जप्त केला, पावती फाडली आणि तुझी सही घेतली. वर म्हणाले, "शिक्का नाही म्हणजे नाही." आणि गावाने तेवढंच धरलं. इन्स्पेक्टरचा पोरगा काटा मारतो! तू दुकान बंद करून गेलास आणि दुसऱ्या गावात नवं थाटलंस ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर जाताना शटरही घेऊन गेले असते.

पण मग मी काय केलं होतं? आई गेल्यावर बाबांना घरी आणलं ते मी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा थेंब घालत बसले ती मी. त्यांना दुधावरची साय चालत नाही, पंखा तीनवर लागतो, वर्तमानपत्र कोणी आधी उघडलेलं खपत नाही. हे सगळं तुला आठवतं का, की तेही तू दुकानाबरोबर बंद केलंस?

त्यांना मी एवढंच सांगितलंय की आपण सगळे जातोय. संध्याकाळी माळ्यावरून ताणकाटा काढला आणि घरातल्या सगळ्या बॅगा रिकाम्या तोलल्या. आता प्रत्येक बॅगेला चिठ्ठी लावलीय. चिमीच्या बॅगेचं चाक तुटकं आहे म्हणून तिचं वजन 'तात्पुरतं' असं लिहिलंय. त्या माणसाला मी इथे कोणाच्या भरवशावर सोडू? सांग ना.

सही कर. बाकी भांडण आपण सावकाश करू.

धाकटी

४ मार्च

दादा,

प्रतिज्ञापत्र मिळालं. सही आहे, तारीख आहे, नोटरीचा शिक्का अगदी चौकोनात बसलाय. आणि पाकिटात दुसरं काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. फाडून आतून बघितलं. एक ओळ नाही.

मागितलं तेच मिळालं तर मी का चिडलेय, असं तुझे मेहुणे विचारतायत. त्यांना काय सांगू? मला वाटलं होतं तू चार शिव्या घालशील. म्हणशील, असल्या कागदावर मी सही करणार नाही, माझा बाप आहे तो. मग मी तुझ्याशी भांडले असते, तुझी सही घेतली असती आणि मला बरं वाटलं असतं. तू सरळ लिहून दिलंस की मी माझ्या वडिलांना सांभाळू शकणार नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये केली असशील सही, पेन खिशाला लावून पुन्हा साखर तोलायला लागला असशील.

असो. चष्मेवाला खूश आहे. म्हणतो, "ताई, एवढा स्वच्छ कागद मी बघितला नाही. आश्रित म्हणजे काय, ते यावरून शिकावं." त्याच्या तोंडाचा साचा घेऊन ठेवावा असं मला वाटलं. पुढेमागे दात पाडायची वेळ आली तर मला कवळी करायला सोपं जाईल.

अर्ज गेला. मुलाखत २५ तारखेला. बाबांकडून उत्तरं पाठ करून घेतेय. 'आणखी अपत्यं?' 'एक मुलगा आहे. संबंध नाही.' एवढंच म्हणायचंय. त्यात खोटं काय आहे? बाबा म्हणतात, "प्रश्न समोर येऊ दे, मग बघू."

तुझा कागद त्यांना दाखवलेला नाही. फाईलमध्ये सगळ्यात खाली घातलाय.

धाकटी

२७ मार्च

दादा,

झालं. सगळं मुसळ केरात. बसून ऐक, उभ्याने ऐकवणार नाही.

बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून मला त्यांच्याजवळ उभं राहू दिलं. काचेच्या पलीकडे एक बाई, तिच्या शेजारी दुभाषा. बाबांनी निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट घातला होता. बाईने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. सगळं छान चाललं होतं. तिने विचारलं, "तुम्हाला आणखी अपत्यं?"

"दोन अपत्यं. थोरला मुलगा. धाकटी ही."

"मुलगा तुम्हाला सांभाळतो का?"

मी त्यांच्या कोटाची बाही धरून होते. आता म्हणतील, संबंध नाही. म्हणाले, "अजून मी त्याला तसं विचारलेलं नाही. विचारलं तर सांभाळेल."

दुभाष्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला नीट ऐकू आलं नाही." ते म्हणाले, "मला स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्या कानाने ऐकलं." बाईने फाईल चाळली. सगळ्यात खालचाच कागद काढला आणि काचेखालच्या फटीतून सरकवला. "तुमच्या मुलाने हे लिहून दिलं आहे."

दादा, मला वाटलं, भुई दुभंगेल तर बरं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मागे रांग खोळंबलेली. त्यांनी तो कागद पहिल्या ओळीपासून नोटरीच्या शिक्क्यापर्यंत वाचला. शिक्का उजेडात धरून बघितला. घाई म्हणून नाही. मग कागद परत फटीतून आत ढकलला आणि म्हणाले, "सही त्याची आहे. मजकूर त्याचा नाही."

"मग कोणाचा आहे?"

"हिचा असेल," म्हणाले. आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

जन्मदात्या बापाने! परदेशी वकिलातीत! बाईला हसू आलं असावं, तिने तोंडावर हात धरला. दुभाषा मात्र इमानदार, त्याने बोटासकट सगळं भाषांतर केलं. काल उत्तर आलं: अर्जदाराला मायदेशी मुलाचा आधार उपलब्ध असल्याने अर्ज नामंजूर. आमचे तिघांचे व्हिसा मंजूर. चष्मेवाल्याने दोन्ही चष्मे उतरवून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "ताई, असं माझ्याकडे कधी झालं नाही."

परवा वकिलातीतून घरी येताना रिक्षात मी फाईल छातीशी धरून बसले. जिना चढेपर्यंत कळ काढली आणि मग दार लावून जे तोंड सोडलं, ते शेजारच्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं. मी म्हटलं, तुम्हाला माझ्याबरोबर यायचंच नव्हतं. इतकी वर्षं मी उसाभर केली आणि ऐन वेळी तुम्ही नाव घेतलंत कोणाचं, तर ज्याने इतक्या वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलं नाही त्याचं! खोटं बोलायला कोणी सांगितलं होतं? खरं तेवढंच बोलायचं होतं, संबंध नाही म्हणून.

ते कोट घडी घालत होते. म्हणाले, "संबंध नाही हे खरं नाही. बोलणं नाही. दोन्ही एक नव्हे."

"मग मला आधी सांगायचं होतंत."

"मला कोणी विचारलं? तू व्हिसा निवडलास, देश निवडलास, तिथे माझा पलंग कुठल्या खिडकीशी, तेही निवडलंस. मला कुठे राहायचंय हे त्या काचेमागच्या बाईने पहिल्यांदा विचारलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेली होती ती परत घासली. रडले की नाही ते सांगणार नाही.

आता मला एक सांग. ती बाई म्हणते तुझा आधार उपलब्ध आहे. आहे का? मला जायचंय पुढच्या महिन्याच्या शेवटी. नोकरी सोडून इथे थांबू तर खायचं काय? दात कोरून पोट भरत नाही, आणि इथे तर आता दात कोरायलाही मशीन आहे. बाबांना एकटं ठेवू? गॅस चालू ठेवून वर्तमानपत्र वाचतात. ज्येष्ठांच्या निवासाची एक जागा बघून आले. खोल्या स्वच्छ होत्या, माणसं भली होती. बाहेर येऊन फाटकाशी उभी राहिले आणि मला पुन्हा आत जाऊन नाव नोंदवता येईना.

या पत्राला उत्तर दे. मिठाची गुळणी पुरे.

धाकटी

११ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. ठीक. तू नाही तर मी. मी तुझ्या वतीने देऊन टाकलं.

काल सकाळी चहा देताना बाबांना म्हटलं, "दादाने तुम्हाला बोलावलंय. म्हणाला, बाबांना माझ्याकडे पाठव." कपातला चहा हलला नाही. म्हणाले, "पत्र दाखव."

"फोनवर म्हणाला."

"तुमचा फोन दोन मिनिटांवर चालत नाही."

"दोन मिनिटांतच म्हणाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुला माहीत आहे ते कसे बघतात. बाजारात दगडाचं वजन ठेवून बसलेल्या भाजीवाल्यांकडे बघायचे तसे. मी नजर खाली घालून बशी पुसत राहिले. ज्या माणसाने जन्मात खोटं माप सोडलं नाही, त्याच्यापुढे मी काय टिकणार? आता म्हणतील, तू खोटं बोलतेस. मग मी काय म्हणू, हेही ठरवून ठेवलं नव्हतं.

चहा संपवला. कप खाली ठेवला. म्हणाले, "बरं. बस कधीची आहे?"

त्यांना कळलंय, दादा. शंभर टक्के कळलंय. तरी दुपारी त्यांनी बॅग भरली आणि तोलली. चिमीने विचारलं, "आजोबा, मामाने खरंच बोलावलं का हो?" तर म्हणाले, "तुझी आई म्हणते ना? मग झालं." मी आत होते, मला सगळं ऐकू आलं.

मला तुझा इतका राग येतोय की हे पत्र लिहिताना रेघ फाटतेय. तुला हात जोडणार नाही. विनंतीही करणार नाही. फक्त सांगते. शनिवारी सकाळच्या बसने येतायत. पत्र त्याआधी पोचावं म्हणून कुरिअरने टाकतेय. स्टँडवर तू ये. वहिनीला पाठवू नकोस, दुकानातल्या कोणाला पाठवू नकोस. तू आला नाहीस तर ते कोणाला पत्ता विचारणार नाहीत. फोनही करणार नाहीत. बॅग शेजारी ठेवून तिथेच बाकावर बसून राहतील. संध्याकाळ झाली तरी बसतील. तू त्यांना ओळखतोस.

धाकटी

२२ ऑगस्ट

दादा,

इकडे येऊन आता बूड टेकलंय. लॅब बरी आहे. खिडकीजवळचं टेबल मिळालं, मेणाचं भांडं माझं मला. तुझे मेहुणे रस्त्याच्या उलट्या बाजूने गाडी चालवायला शिकतायत; आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, आता स्वतः नापास होतायत. चिमी इथली भाषा आमच्यापेक्षा भराभर बोलते आणि आमची चेष्टा करते. घराला दोन खोल्या आहेत. दुसऱ्या खोलीतल्या खिडकीशी एक पलंग आहे. रिकामा आहे.

त्या शनिवारचं मला तू कळवलं नाहीस, बाबांनीही नाही. वहिनीने सांगितलं. तू बसच्या वेळेच्या आधीच जाऊन उभा होतास म्हणे, दुकान बंद ठेवून. बाबा उतरले. तू म्हणालास, "बस वेळेवर आली." ते म्हणाले, "हो." झालं. इतक्या वर्षांचं भांडण, आणि दोघांनी मिळून बसची स्तुती केली! मग घरी न जाता आधी दुकानात गेलात. त्यांनी काटा बघितला, शिक्का बघितला, आणि गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. वहिनी म्हणते, अजून उठले नाहीत.

मला आनंद झाला. खरंच झाला. आणि मग असा काही राग आला की मी त्या दिवशी एका बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या कवळीचे पुढचे दोन दात वाकडे बसवले. परत काढून बसवावे लागले. इतकी वर्षं साय काढून दूध दिलं मी, आणि फोनवर बाबा बोलतात कशाबद्दल? "आज तांदळाची गाडी आली." "नवीन काटा घ्यायचा म्हणतोय, मी बघून देणार आहे." गिऱ्हाइकं म्हणे आता सांगून तोलून घेतात, आजोबा बसलेत ना, मग तोला. मी विचारलं, इकडे याल का? तर म्हणाले, "दिवाणजीला रजा मिळेल का, बघतो." आणि हसले. माझ्याकडे असताना मी त्यांना असं हसताना ऐकलेलं नाही. हे मी तुला सांगणार नव्हते.

परवा तुझं पत्र मिळालं. चक्क पत्र! अर्ध्या पानाचं, त्यातलं निम्मं वहिनीच्या गुडघ्याबद्दल. पण त्यात एक ओळ आहे, की त्या प्रतिज्ञापत्रावर सही करायला तुला तीन आठवडे लागले आणि सोबत काय लिहावं ते शेवटपर्यंत सुचलं नाही. बरं. वाचलं. एवढंच म्हणते.

आता कामाचं. मला बाबा हवे आहेत. चार वर्षं नकोत, ते जमणार नाही हे मला कळलंय. सहा महिने. थंडी संपली की यावेत, चिमीला सुट्टी असते. पाहुण्यांचा व्हिसा. चष्मेवाल्याशी बोलले. तो आधी घाबरला, म्हणाला, "ताई, एकदा मुलगा सांभाळत नाही म्हणालात, आता सांभाळतो म्हणणार, ते पकडतील की!" मी म्हटलं, त्यांच्याच दप्तरात नोंद आहे, त्यांच्याच बाईसमोर बाबा बोललेत की विचारलं तर सांभाळेल. त्यांनी मानलं म्हणून तर अर्ज नाकारला. त्यावर तो म्हणाला, "आजोबांना आमच्या ऑफिसात ठेवता येईल का?"

म्हणजे कागद पुन्हा तुझाच लागणार. या वेळी तयार मजकूर पाठवत नाही, तुझ्या शब्दांत लिही. एवढं यायला हवं, की वडील तुझ्याकडे राहतात, बहिणीला भेटायला जातायत, आणि मुक्काम संपला की ते आपल्या घरी परत येतील. आपल्या घरी म्हणजे तुझ्या. ते वाक्य मी नमुना म्हणून लिहायला बसले होते. लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. माझ्याच्याने होत नाही. तूच लिही, आणि पाठवण्याआधी बाबांना विचार, त्यांना यायचंय का. मी विचारलं तर ते माझ्यासाठी हो म्हणतील.

आले तर वेळेवर परत पाठवीन, दादा. विमानतळावर रडेन, तुझ्या नावाने बोटं मोडीन, पण पाठवीन.

धाकटी